मऊ आहे, असं मी सांगितलं

आमच्या घरी पोट दाखवायला माणसं यायची ती सकाळी, उपाशीपोटी. पापडीच्या चर्चची घंटा ऐकू आली की थोड्या वेळाने आमच्या वाडीतला रहाट करकरायला लागायचा, आणि रहाटाला बैल जुंपून मी घराकडे वळेपर्यंत ओटीवर कुणीतरी येऊन बसलेलं असायचं. कळंबची कोळीण, मिठागरावरचा मजूर, शेजारच्या वाडीतली नवी सून, कधी चर्चमागच्या आळीतले म्हातारे. तक्रार थोड्याफार फरकाने एकच. बेंबी सरकलीय, अन्न जिरत नाही, पोटात गोळा फिरतो. कोळीण म्हणायची, “आत्या, पोटात नुसतं पानी हलतंय बघ.” आत्या त्यांना चटईवर झोपवायची आणि पोट चोळून द्यायची. जाताना कुणी टोपलीत चार बोंबील ठेवून जाई, कुणी मिठाची पुरचुंडी. आमच्या घरात मीठ विकत आणलेलं मला आठवत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती आमच्याकडे परत आली, पण येताना सासूकडून हे एक शिकून आली. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. आमच्या घरची बोली वेगळी. ती जशीच्या तशी कागदावर उतरवली तर बाहेरच्या वाचकाला अडखळायला होईल, म्हणून मी सगळ्यांना शाळेतल्या मराठीच्या जवळपास बोलायला लावतो आहे. आत्याने हे ऐकलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

माझ्या हाताची गोष्ट सुकेळ्यांपासून सुरू होते. ज्या मांडवावर आम्ही ती वाळवायचो तिथे आज इमारत आणि तिचं पार्किंग आहे. पण तेव्हा थंडी पडली की आमच्याकडे दुसरा विषय नसायचा. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची. घरभर तो वास, गूळ आणि मध यांच्या मधला, थोडा आंबूस. आई वालाची आमटी करो की बोंबील भाजो, जेवताना नाकात केळीच. केळं तांबूस आणि चिकट झालं की नवख्याला वाटतं, झालं. पण आत ओल राहिली असेल तर बांधलेल्या पुडीत ते आंबतं आणि सोबतची सगळी नासवतं. ही ओल डोळ्यांना दिसत नाही. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात केळं धरायचं, दाबायचं नाही, नुसतं धरायचं. आत ओल असेल तर गर बोटांच्या मागून जरा उशिरा हलतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा मी बाजूला काढलेली केळी आत्याने मोडून पाहिली. सगळी ओली निघाली. दुसऱ्या दिवशी तिने मला हात धुऊन ओटीवर यायला सांगितलं. मी तेव्हा मॅट्रिकला आपटून घरी बसलो होतो. बाबा आईला म्हणाले, “परीक्षेला बसून काही झालं नाही, आता बेंब्या बसवेल.”

आत्याने मला कितीतरी महिने पोटाला हात लावू दिला नाही. तांदूळ भरलेली कापडी पिशवी ती पुढ्यात ठेवायची, आत कुठेतरी एक चिंचोका. तांदूळ न हलवता चिंचोका कुठे आहे ते सांगायचं. मी बोटं रुतवली की हातावर चापट बसायची. “शोधायला गेलास की तुझंच बोट तुला लागतं,” ती म्हणायची. “हात ठेव आणि थांब.” मग पिशवीवर गोधडीची एक घडी आली, मग दुसरी. हात जड करायचा पण जोर करायचा नाही, हा फरक माझ्या हाताला कळायला अख्खा पावसाळा गेला. मधल्या काळात मी घरातल्या प्रत्येक वस्तूला तसा हात लावून बघत होतो. नारळातलं पाणी, गाभण गाईची कूस, भिजत घातलेले वाल. आई म्हणायची, कार्ट्याला काय झालंय, आंधळ्यासारखा चाचपत फिरतो.

पुढे माणसांची पोटं आली. पाय गुडघ्यात दुमडून उताणं झोपवायचं. खोबरेल तेल कोमट करून तळहात बेंबीवर सपाट ठेवायचा. माणूस श्वास सोडतो तेव्हा पोट खाली जातं, हातही जातो; श्वास घेतो तेव्हा हाताने अडवायचं नाही. असा काही वेळ गेला की पोट परक्या हाताची भीड सोडतं, आणि आतलं एकेक कळू लागतं. बेंबीखाली नाडीचा ठोका. डाव्या कुशीला भरलेलं आतडं, ओल्या पंचाच्या पिळासारखं. उजव्या बरगडीखाली यकृताची कड, श्वासाबरोबर खाली येऊन बोटाला टेकून परत जाणारी. मिठागरावरच्या माणसांची पानथरी, म्हणजे प्लीहा, हिवतापाने सुजून डाव्या बरगडीबाहेर आलेली असायची. आत्या म्हणायची, पिकली पपई समज आणि तितक्याच बेताने हात लाव. तिला चोळायचं नाही. अंगात ताप असेल तर पोट चोळायचं नाही. आणि श्वास सोडल्यावरही जे पोट हाताला आत घेत नाही, लाकडी पाटासारखं राहतं, त्याच्यावरचं तेल पुसायचं आणि घरच्यांना गाडी आणायला सांगायचं. हे शेवटचं ती इतक्या वेळा सांगायची की मी वैतागायचो.

माझी नात फिजिओथेरपी शिकते. बेंबी सरकते हे ऐकून ती हसते, आणि मी वाद घालत नाही. आत्याच्या सगळ्या कल्पना खऱ्या होत्या असं माझं म्हणणं नाही. पण हाताला जे कळत होतं ते खरं होतं, आणि माझ्या लाजेचं मूळ तिथेच आहे. कळलं नसतं तर मी नुसता अडाणी ठरलो असतो.

आत्याच्या बोटांचं मला चुलीपाशी समजलं. भाकरी उलटताना तिचं बोट तव्याला टेकलं होतं आणि ती माझ्याशी बोलतच होती. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा मीच तिचा हात ओढला. तिने बोटाकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मग हळूच म्हणाली, बरेच दिवस झाले, बोटांवर मेण चढवल्यासारखं वाटतंय, घरात कुणाला बोलू नको. आज कुणीही आधी साखर तपासायला सांगेल. तेव्हा आम्ही दोघांनी वेगळाच मार्ग काढला. लोकांसमोर आधी ती हात ठेवायची, मग म्हणायची, “हरी, जरा तेल लाव,” आणि पुढचं सगळं माझा हात करायचा. थोड्या वेळाने ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायची. मी मागून जायचो. माठापाशी उभी राहून ती विचारायची, “काय आहे?” मी सांगायचो. ती बाहेर येऊन तेच लोकांना सांगायची. तिची बोटं गेली होती तरी डोकं शाबूत होतं. माझ्या हाताला जे लागे त्याचा अर्थ तीच लावायची. माणसं बरी होत होती आणि आत्याला दुवा देत होती. मी होतो तेल लावणारा पोरगा. पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. मग वाटायला लागलं. कुणी आत्याच्या हाताचं कौतुक करत असलं की मी मुद्दाम तेलाची वाटी आपटून ठेवायचो.

काशिनाथ शेजारच्या वाडीतला, माझ्याच वयाचा. आमच्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, आम्ही बरोबरच पोहायला शिकलो. मी घरी बसलो होतो तेव्हा तो पोलीस भरतीची तयारी करत होता. लेखी परीक्षा पास झाला होता, धावण्याची चाचणी त्याच आठवड्यात होती, आणि रोज सकाळी तो कळंबच्या किनाऱ्यावर वाळूत पळायचा. सुकेळ्यांचे दिवस होते. एका दुपारी त्याची आई, यमुनाकाकी, आणि त्याचे वडील त्याला दोन्ही बाजूंनी धरून आमच्याकडे घेऊन आले. आदल्या दिवसापासून बेंबीभोवती दुखत होतं, सकाळी उलटी झाली होती. पळून पळून बेंबी सरकली, असं यमुनाकाकीचं म्हणणं. वडिलांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. काशी तयार नव्हता. डॉक्टरने झोपून राहा म्हटलं तर चाचणी गेली, आणि ही गेली की पुढची भरती निघायला वर्षानुवर्षं लागायची, तोवर वय निघून जाणार. “आत्या, मला फक्त उभं करा,” तो म्हणाला.

आत्याने मला विचारलं, अंग गरम आहे का. होतं, थोडं. उन्हातून आलाय, असं मी म्हणालो, आणि तेव्हा मला तसंच वाटलंही होतं.

चटईवर झोपल्यावर त्याचं पोट माझ्या हाताखाली आलं. बेंबीपाशी काही नव्हतं. उजवीकडे खाली हात नेला तसा तो दचकला. तिथे बोटाखाली काहीतरी ताठरलेलं होतं, आणि त्याच्यावरची पोटाच्या स्नायूंची चादर त्याला झाकून धरत होती. तिथेच मी हात काढायला हवा होता. पण श्वासाबरोबर मला आत जाता येत होतं, आणि काशी दात आवळून म्हणत होता, तिथंच आहे, सोडू नको. मी सोडलं नाही. हात जड केला. मग, आज खरं लिहायचं तर, जोरही केला. बोटांखाली काहीतरी सुटलं. आवाज नाही, धक्का नाही, गाठ सैल पडावी तसं. काशीने डोळे उघडले आणि म्हणाला, “गेलं.” दुखणं गेलं होतं. त्याचा चेहरा घामाने भिजला होता आणि तो हसत होता. यमुनाकाकीला रडू फुटलं. तिने माझा मोकळा हात घेऊन डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “आत्या, तुमचा गुण पोराच्या हातात उतरला हो.”

कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या हाताबद्दल बोललं होतं. ओटीवर बाबा होते, आई होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं.

माझा दुसरा हात अजून काशीच्या पोटावर होता. सगळे बोलत होते, आणि हाताखाली पोट बदलत होतं. त्याची छाती हलत होती, पोट हलेनासं झालं होतं. त्याने श्वास सोडला. हात आत गेला नाही. पुन्हा सोडला, नाही गेला. कातडीखालची चादर कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू आवळत चालली होती. पाट. आत्याने ज्याच्याबद्दल मला कंटाळा येईपर्यंत सांगितलं होतं तेच पोट, पहिल्यांदा माझ्या हाताखाली. मी हात थांबवला. मग पुन्हा फिरवायला लागलो, गोल गोल, कारण यमुनाकाकी बघत होती.

आत्या आत गेली. मी मागून गेलो. तिने माठावरचं भांडं हातातही घेतलं नाही. “काय आहे?”

“मऊ आहे.”

“खाली, उजवीकडं? श्वास सोडल्यावर?”

“मऊ आहे, आत्या. बेंबी बसली.”

तिने मला तिसऱ्यांदा विचारलं नाही. बाहेर जाऊन तिने सांगितलं की काळजीचं काही नाही, आज नुसती पेज द्या, झोपू दे. काशीच्या वडिलांनी विचारलं, तरी एकदा डॉक्टरला दाखवू का. आत्या म्हणाली, “गरज नाही. मी सांगते ना.”

मी घाबरून खोटं बोललो असतो तर स्वतःला थोडंफार समजावू शकलो असतो. मी घाबरलो नव्हतो. यमुनाकाकीने नुकताच माझा हात डोळ्यांना लावला होता, आणि तो मला इतक्यात खाली ठेवायचा नव्हता, इतकंच. संध्याकाळी जाऊन पुन्हा हात लावून बघेन असं मी मनाशी ठरवलं. संध्याकाळी केळी गोळा केली, जेवलो, आणि गेलो नाही. काशीचं पोट फुगलं होतं, तापाने तो बरळत होता, हे आम्हाला सकाळी समजलं. तोवर त्याला फुलांच्या टेम्पोत आडवा घालून दवाखान्यात नेलं होतं.

अपेंडिक्स फुटलं होतं. पू पोटभर पसरला होता. एक ऑपरेशन झालं, मग दुसरं. तो वाचला, पण कित्येक आठवडे त्याच्या पोटातून नळी बाहेर होती आणि घरी आला तेव्हा धड उभा राहू शकत नव्हता. चाचणी गेली, पुढच्या भरतीपर्यंत वय गेलं. वर्दी त्याच्या अंगावर आली नाही. जन्मभर त्याने केळी आणि फुलं विकली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोट कुणी दाबलं. यमुनाकाकी म्हणाली, आत्याने. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी मी आत्याचाच हात होतो.

काही दिवसांनी काशीचे वडील आमच्या अंगणात आले. आत्या मांडवापाशी केळी उलटत होती, मी टोपली धरून तिच्या शेजारी. ते आवाज न चढवता म्हणाले, “मी विचारलं होतं आत्या, डॉक्टरला दाखवू का. तुम्ही गरज नाही म्हणालात.”

“हो,” आत्या म्हणाली. “मीच म्हणाले. माझा अंदाज चुकला.”

आत्या हातातलं केळं उलटून ठेवायला विसरली होती. मला एवढंच म्हणायचं होतं की अंदाज तिचा नव्हता. टोपलीच्या काठाची कांबट माझ्या बोटात रुतत होती आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. मग ते गेले.

त्यानंतर ओटीवर कुणी येईना. कोळणी रस्ता बदलून जाऊ लागल्या. शेजारच्या पोरांना कुणीतरी शिकवलं होतं, रडलास तर आत्याकडं देईन, पोट फोडेल. आत्या सकाळी सवयीने चटई पसरायची आणि ऊन वर आलं की गुंडाळून ठेवायची. पुढे तेही सोडलं. मी मॅट्रिक झालो, पतपेढीत कारकून झालो, लग्न झालं. माझ्या बायकोला ही हकिकत गावाने सांगितली, आत्याने कसं काशिनाथचं वाटोळं केलं ती, आणि बायको ती माझ्यासमोर मुलांना सांगायची, आणि मी जेवत राहायचो. आत्या गेली तेव्हा काशीच्या घरून कुणी आलं नाही.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. काशिनाथचं पोट मी दाबलं. ते पाटासारखं झालेलं मला कळलं होतं. मी आत्याला मऊ सांगितलं, आणि तिने माझ्या शब्दावर गरज नाही म्हटलं.

हे लिहायच्या आधी काशीला सांगणं भाग होतं. तो आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, पाचव्या मजल्यावर. मी दुपारी गेलो. सुनेने चहा ठेवला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे त्याच क्रमाने. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, “अरे हरी, पोट माझं होतं.”

मला कळलं नाही.

“तुझा हात थांबला होता. मग परत फिरवायला लागलास, पण नुसता वरून. आधी तू आत होतास. नंतर तेल पुसल्यासारखं. तेव्हाच समजलं मला, ह्याला काहीतरी लागलंय. मला वाटलं आत जाऊन सांगशील.”

मी विचारलं, मग तू का बोलला नाहीस. तो म्हणाला, “मला तरी कुठं ऐकायचं होतं? मला पळायला जायचं होतं.” मग चहाचा कप सरकवत म्हणाला, “आत्याला सांगितलं मी. दवाखान्यात आली होती ती, एकटीच, सगळे जेवायला गेले तेव्हा. म्हटलं, हऱ्याला कळलं होतं. ती म्हणाली, कुणाला बोलू नको, त्याचं नाव एकदा गेलं की त्याच्याकडं कुणी पोट घेऊन येणार नाही, हात चांगला आहे पोराचा. मी शब्द दिला. तू तिचं पुढं चालवशील असं वाटलं होतं तिला.”

लिफ्ट बंद होती. पाच मजले उतरताना मला एक सकाळ आठवली, जिचा मी इतकी वर्षं विचारही केला नव्हता. काशी घरी आल्यानंतरची, मी पतपेढीत नुकता लागलो होतो तेव्हाची गोष्ट. मिठागरावरची एक बाई, बहुधा झालेलं काहीच ठाऊक नसलेली, आपल्या मुलीला घेऊन ओटीवर आली. मुलगी पोट धरून वाकली होती. आत्या त्या बाईला म्हणाली, माझ्याच्यानं आता होत नाही, हा माझा भाचा बघेल, आणि माझ्याकडे वळून थांबली. मी कामावर जायला निघालो होतो. मी म्हणालो, मला यातलं काही येत नाही. आत्याने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, बाईला स्टेशनजवळच्या डॉक्टरचा पत्ता नीट समजावून सांगितला, आणि आत गेली.